बुजऱ्या लेकीसोबत कोरियन शिकताना 🇰🇷
लेकीला कोरियनची भारी हौस, पण वर्गात बोलायची धास्ती. म्हणून चाळिशीत मीही तिच्यासोबत शिकायला बसले. तुम्हालाही करून बघायचं असेल तर:

✅ आधी लिपी: राजा सेजोंगच्या पुढाकाराने हांगुल १४४३ मध्ये तयार झाली, १४४६ मध्ये जाहीर झाली. आजची मूलभूत अक्षरं २४च: १४ व्यंजनं, १० स्वर. व्यंजनांचे मूळ आकार जीभ, ओठ, दात, घसा यांच्यावरून घेतलेत. आरशासमोर उच्चार करत गिरवा, मुलांना मजा येते.

✅ व्याकरण: कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम मराठीसारखाच. नामांना प्रत्ययही लागतात. शिवाय लिंगभेदाची कटकट नाही!

✅ परीक्षा: कोरियन भाषेच्या 'टोपिक १' परीक्षेत फक्त ऐकणं आणि वाचणं. २०० पैकी ८० गुण मिळाले की पहिली पातळी. तोंडी परीक्षा नसल्याने बुजऱ्या मुलांना दडपण कमी.

✅ मुलाला गुरू करा: वर्गात शिकलेलं त्याने घरी आपल्याला शिकवायचं. आपण बिनधास्त अडखळायचं आणि पुन्हा म्हणायचं. मोठ्यांनाही एका दमात जमत नाही हे दिसलं की भीड चेपते.

कोरियन शिकवणाऱ्या किंग सेजोंग इन्स्टिट्यूटचं ऑनलाइन साहित्य मोफत मिळतं. रोज पंधरा मिनिटं पुरेत, पण दोघांनी मिळून!