लहान इंजिनाचें दुखणें

छत्रपति संभाजीनगरची पाणचक्की आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिली असेल. तिचें जातें फिरविणारें पाणी मैलोगणती दूरच्या झऱ्यापासून जमिनीखालच्या मातीच्या नळांनीं येत असे. तें जातें थांबलें तर दोष जात्यांतच असेल असें नाहीं. तो दूरच्या नळांतही असावयाचा. हल्लीं शेतांत व बागेंत आलेल्या लहान पेट्रोल इंजिनांचीही गोष्ट अशीच आहे.

वैजापूर-गंगापूरकडे कपाशींत तण माजतें, पावसाची उघडीप मिळते चार दिवसांची, आणि नेमकें तेव्हांच तण काढण्याचें यंत्र रुसतें. मग घाईनें प्लग बदलावा, कार्बोरेटर उघडावा आणि शेवटीं नव्या यंत्राचे पैसे मोजावे, असा प्रकार होतो. तोंवर तण पिकाच्या वर जातें. वैद्य औषधापूर्वीं चार प्रश्न विचारतो. तद्वत् पान्याला हात लावण्यापूर्वीं ‘यंत्र केव्हां व कसें बंद पडतें?’ हें चालविणाऱ्यास विचारावें, असें आम्हांस वाटतें.

यंत्र पंधरा मिनिटें नीट चालून बंद पडतें व विसांव्यानंतर पुन्हां सुरू होतें, असें उत्तर आलें तर कारणें बहुधा दोन. टांकीच्या झांकणाचें हवेचें भोंक बुजलें कीं आंत पोकळी होऊन पेट्रोल उतरत नाहीं. अथवा मॅग्नेटोची कॉइल तापली कीं ठिणगी देत नाहीं. बंद पडतांच झांकण सैल करावें. यंत्र लगेच चाललें तर दोष झांकणाचा. न चालल्यास, गरम असतांनाच दुसरा प्लग टोपींत बसवून, त्याचें धातूचें अंग इंजिनाला टेकवून दोरी ओढावी. सांडलेलें पेट्रोल मात्र जवळ नसावें. ठिणगी गरमपणीं नाहीं व गार झाल्यावर आहे, तर कॉइल गेली.

महिनोगणती पडून राहिलेलें यंत्र सुरूच होत नसेल, तर टांकींतलें पेट्रोल कांचेच्या बाटलींत काढून पाहावें. २०२५ सालीं आपल्या देशांत पेट्रोलांतील इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांवर गेलें. इथेनॉल ओलावा ओढतें; पाणी फार झालें कीं दोन्हीं मिळून तळाशीं बसतात. बाटलींत दोन थर दिसले कीं निदान झालें. म्हणून हंगाम संपतांच टांकी रिकामी करून ठेवावी.

यंत्र चालतें पण जोर धरीत नाहीं व फार तापतें, तर सायलेन्सर पाहावा. आंत काजळी दाटलेली असते, किंवा कुंभारीण माशीनें मातीचें घर बांधलेलें असतें.

सर्वांत फसवें दुखणें निराळेंच. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी दोरी हाताला उलट हिसका देते. अशा वेळीं पातें दगडावर आदळलें होतें काय, हें विचारावें. त्या धक्क्यानें फ्लायव्हीलची लहानशी चावी तुटते वा वांकते, आणि ठिणगी अवेळीं पडते.

पात्याला हात लावण्यापूर्वीं प्लगची टोपी काढावी, आणि बंद खोलींत इंजिन चालवूं नये. त्याच्या धुरांतील विषारी वायूस वास नसतो. यंत्राजवळ एक वही टांगून प्रत्येक बिघाडाची वेळ व लक्षण घरच्या मंडळींनीं टिपून ठेवावें. मिस्त्रीकडे यंत्राबरोबर ती वहीही द्यावी. त्याचे श्रम आणि घरचे पैसे दोन्हीं वांचतील.