नायगाराच्या दरीत कोंडलेली बोट

नायगारा पाहून आलेल्या कुणाच्याही मोबाइलमध्ये एक फोटो हमखास असतो. अंगात निळा रेनकोट, चेहरा चिंब आणि मागे नुसता पांढरा धूसर पडदा. अमेरिकेत मुलाकडे गेलेले आपल्याकडचे आईबाबाही तो आधी व्हॉट्सॲपवर धाडतात, मग जेवायला बसतात. वीस मिनिटांची ती सफर घडवते ‘मेड ऑफ द मिस्ट’ ही बोट. गंमत अशी, की ज्या पाण्यात ती चालते तिथे ती पाण्यावरून येऊच शकत नाही आणि तिथून कुठे जाऊही शकत नाही.

वर एरी सरोवर, खाली ओंटारिओ सरोवर आणि दोघांना जोडणारी नायगारा नदी. वाटेत ती ५० मीटरहून अधिक उंचीवरून कोसळते. पायथ्याशी खोल डोह आहे, तिथे पाणी त्या मानाने निवळतं. पण तीनेक किलोमीटर पुढे दरी आवळत जाते, नदी पुन्हा उसळते आणि प्रचंड भोवऱ्यात शिरते. मागे धबधबा, पुढे खळाळ, दोन्ही अंगांना उभे कडे. बोट चालवायची ती एवढ्याच तुकड्यात.

मग अशा जागी बोट आणायची बुद्धी कुणाला झाली? ती झाली १८४६ मध्ये, आणि तीही धबधबा दाखवण्यासाठी नव्हे. नदीच्या एका काठावर अमेरिका, दुसऱ्या काठावर कॅनडा आणि मध्ये पूल नाही. माणसं, टपाल आणि सामान पलीकडे पोचवणारी ती वाफेवरची तर होती, बाजूला चाकं असलेली. दोनच वर्षांत, १८४८ मध्ये, दरीवर झुलता पूल झाला. त्याची पहिली दोरी पलीकडे नेली ती एका मुलाने उडवलेल्या पतंगाने! पुलाने तरीचा धंदा बुडवला. मालकांनी मग बोटीचं तोंड काठाकडून धबधब्याकडे वळवलं आणि पोट भरण्याच्या त्या खटपटीतून जगातल्या एका नामांकित सफरीचा जन्म झाला. १८५४ मध्ये आणखी मोठी बोट आली. १८६० मध्ये तिच्यातून ब्रिटनचे युवराज, पुढचे सातवे एडवर्ड, फिरून गेले.

वर्षभरातच अमेरिकेत यादवी पेटली, मालक अडचणीत आला आणि बोट लिलावात निघाली. घेणारा कॅनडाचा. त्याची अट साधी होती : बोट खाली ओंटारिओ सरोवरात आणून द्या. म्हणजे जिथून सुटका नाही तिथून ती बाहेर काढा. ६ जून १८६१ रोजी कप्तान जोएल रॉबिन्सन दोन साथीदारांना घेऊन निघाला. खळाळात शिरताच बोट कलंडली, धुराडं मोडून पडलं, सुकाणू ऐकेना. भोवऱ्याशी तिला जेमतेम वळवता आलं, मग पुन्हा खळाळ. तिघेही जिवंत बाहेर पडले. रॉबिन्सनने त्यानंतर नदीवरचं काम सोडलं. घरी परतला तेव्हा तो वीस वर्षांनी म्हातारा दिसत होता, असं त्याची बायको सांगत असे.

पुढे २४ वर्षं डोहात ही बोट नव्हती. १८८५ मध्ये फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या आणि १८९२ मध्ये जोडीला दुसरी बोट आली. वाफेवरच्या त्या दोन लाकडी बोटींनी १९५५ पर्यंत माणसांना भिजवलं. त्या एप्रिलमध्ये, हंगाम तोंडावर असताना, आगीत दोघी खाक झाल्या. त्याच उन्हाळ्यात डिझेलवरची पोलादी बोट डोहात उतरली.

या बोटीचं खरं कसब दिसतं ते घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या ‘हॉर्सशू’ धबधब्याच्या कवेत. तिन्ही बाजूंनी पाणी कोसळत असतं आणि प्रवाह बोटीला मागे रेटत असतो. कप्तान नांगर टाकत नाही. तो इंजिनाचा जोर असा तोलतो, की बोट पुढे जात नाही आणि मागेही सरत नाही. आपल्याला वाटतं ती उभी आहे. प्रत्यक्षात ती सगळा वेळ धावत असते.

२०२० पासून हा जोर विजेच्या मोटारी लावतात. नव्या दोन्ही बोटी सुट्या भागांत आणून क्रेनने दरीत उतरवल्या आणि तिथेच जोडल्या. एकीचं नाव ‘निकोला टेस्ला’. ते शोभतंही, कारण टेस्लाच्या प्रत्यावर्ती विजेचं मोठं केंद्र १८९५ मध्ये याच नदीवर सुरू झालं. फेरी संपवून प्रवासी उतरतात-चढतात तेवढ्या सात मिनिटांत बॅटऱ्या चार्ज होतात, नायगाराच्याच जलविद्युतेवर. ज्या पाण्याशी बोट झुंजते, तेच तिला बळ पुरवतं.

जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमेरिका आणि कॅनडाच्या १९५० च्या करारानुसार एप्रिल ते ऑक्टोबर दिवसा धबधब्यावर सेकंदाला किमान २८ लाख लिटर पाणी सोडावं लागतं. रात्री उशिरा आणि हिवाळ्यात निम्मंही चालतं, उरलेलं वीजनिर्मितीकडे वळतं. तेव्हा धबधब्यावरची रात्रीची रोषणाई जरूर पाहा, पण धबधबा पाहायचा तर उन्हाळ्यात आणि भरदिवसा, बोटीतूनच.