धक्क्यावरील दिवा का थरथरतो?

गुहागर तालुक्यातील अंजनवेल हे गाव वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, गोपाळगडाच्या पायथ्याशी वसले आहे. अशा किनाऱ्यावरील गावांतून मासळी उतरविण्याचे व निवडण्याचे काम पुष्कळदा रात्री प्रखर दिव्याखाली करावे लागते. तो दिवा थरथरू लागला, की विळीवर बसलेल्या स्त्रीच्या बोटांस आणि ओल्या पायऱ्या उतरणाऱ्यास धोका संभवतो.

अनेक ठिकाणी आता एलईडी दिवे आले असले, तरी मेटल हॅलाइड दिवे अद्याप वापरात आहेत. दिवा बिघडताच नवा बल्ब आणण्याकडे लोकांचा कल असतो. परंतु दोष बल्बात नसल्यास पैसा वाया जातो आणि थरथर तशीच राहते.

या दिव्यात तापणारी तार नसते. लहान नळीत पारा, आर्गॉन वायू व धातूंचे क्षार असतात आणि त्यांतून विजेची ज्योत पेटते. इग्नायटर उच्च दाब देऊन ज्योत पेटवितो. चोक प्रवाह आवरून धरतो. दिवा कसा थरथरतो हे पाहिल्यास दोषाचा माग लागतो.

१. पंप सुरू होताच दिवे मंदावत असतील, तर विजेचा दाब २३० व्होल्टपेक्षा फार उतरत असावा. अंजनवेलजवळ दाभोळचे मोठे वीजकेंद्र १९९९ मध्ये सुरू झाले खरे. परंतु दिव्यास मिळणारा दाब मुख्यत्वे रोहित्रापासूनच्या तारेची लांबी, जाडी व तीवरील भार यांवर ठरतो.

२. वाऱ्यासरशी दिवा लुकलुकत असेल, तर जोड सैल असावा. खाऱ्या हवेने होल्डर व जोड लवकर गंजतात.

३. दिवा पेटून तापतो, विझतो व निवल्यावर पुन्हा पेटतो, असे वारंवार घडल्यास बल्ब बहुधा जीर्ण झालेला असतो.

४. नवा बल्बही थरथरत राहिल्यास चोक व इग्नायटर त्याच जातीच्या व तितक्याच वॅटच्या बल्बासाठी आहेत काय, हे तपासून घ्यावे.

वीज जाऊन आल्यावर तापलेला दिवा काही मिनिटे पेटत नाही. हा दोष नव्हे. मात्र बाहेरील काच फुटलेली दिसल्यास दिवा तत्काळ बंद करावा, कारण त्यातील अतिनील किरण डोळ्यांस व कातडीस इजा करतात.

खांबावर चढून जोड तपासण्याचे काम परवानाधारक तारतंत्र्याचेच आहे. मुख्य कळ बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते, हे विसरू नये.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी दिवा केव्हा व कसा थरथरला याची नोंद वहीत ठेवावी आणि ती तारतंत्र्यास दाखवावी. चार रात्रींच्या नोंदीने एका बल्बाची किंमत वाचेल आणि धक्क्यावरील काम निर्धोक होईल.