हडळीची साक्ष

भुताखेतांच्या कादंबऱ्यांशी कामगार चळवळीतल्या माणसांचा काय संबंध, असे आम्हांस कोणी विचारील. आमचे उत्तर असे की संबंध आहे, आणि तो साक्षीचा आहे.

प्रथम शब्दाचा खुलासा करू. 'गॉथिक' हे मुळात मध्ययुगीन युरोपातल्या टोकदार कमानींच्या बांधणीचे नाव. होरेस वॉलपोलने आपल्या 'द कॅसल ऑफ ऑट्रांटो' या कादंबरीच्या १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीवर 'गॉथिक कथा' असे छापले आणि ते नाव भयकथेला चिकटले. जुना वाडा, कुलूपबंद खोली, घराण्याचे पाप आणि त्यात सापडलेली बाई, एवढ्या भांडवलावर या कथा चालतात. अलीकडे बायकांनी लिहिलेल्या अशा अद्भुत कादंबऱ्यांना जगभर वाचक मिळाले आहेत. असे का व्हावे?

आपल्याच गावातली भुते पाहा. बाळंतपणात दगावलेली बाई हडळ होते. इच्छा अपुरी राहिलेली जखीण होते. विहिरीत जीव दिलेली सून तिन्हीसांजेला हाक मारते. प्रत्येकीमागे एक तक्रार आहे. पण गोष्ट सांगणारा नेहमी मांत्रिकाच्या बाजूचा. खिळा ठोकला, हडळ बांधली, की गोष्ट संपली. सुईण वेळेवर का आली नाही, सुनेला विहिरीपर्यंत कोणी नेले, हे कोणी विचारीत नाही. नवी कादंबरी नेमके तेच विचारते.

शार्लट ब्रॉन्टेच्या 'जेन एअर'मध्ये (१८४७) नायकाची पहिली बायको माडीवर कोंडलेली वेडी आहे. जीन ऱ्हीसने १९६६ साली 'वाइड सारगासो सी' लिहून त्याच बाईची कहाणी सांगितली. सिल्व्हिया मोरेनो-गार्सियाच्या 'मेक्सिकन गॉथिक'मध्ये (२०२०) चुलतबहिणीचे घाबरलेले पत्र वाचून नोएमी चांदीच्या खाणीच्या इंग्रज मालकांच्या वाड्यावर जाते. बहिणीला भिंतींतून आवाज येतात. घरचे म्हणतात, आजारी आहे, भास होतात. अखेर उलगडते ते असे: भिंतींत पसरलेल्या बुरशीच्या जोरावर घराण्याचा म्हातारा जगत आला आहे. त्यासाठी बायकांचा बळी गेला, आणि खाणमजुरांच्या जिवाचीही त्याला किंमत नव्हती.

हे वाचणारीला भीतीपेक्षा मोठे असे एक समाधान मिळते. जिचे बोलणे सर्वांनी भास ठरवले, तीच खरी ठरते. सोलापुरात विडी वळणाऱ्या बाया पाने आणि तंबाखू घरी आणतात, आणि राहते घरच कारखाना होते. चक्कर येते, मूल रात्रभर खोकते, असे सांगणाऱ्या बाईला 'मनाचे खेळ' हे उत्तर मिळालेले आम्ही ऐकले आहे. किती विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या ते मोजून दाखवता येते; छातीतली धूळ दाखवता येत नाही. कादंबरीतल्या बुरशीत ती धूळ दिसू लागते.

सरळ बोलणे जेथे महाग पडते, तेथे माणूस मुखवटा घेतो. 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) लिहिताना मालतीबाई बेडेकरांना विभावरी शिरूरकर व्हावे लागले, आणि तरीही गदारोळ झालाच. याच मालतीबाईंनी पुढे सोलापूरच्या सेटलमेंटवर नोकरी केली आणि तारेच्या कुंपणातले जिणे 'बळी'मध्ये (१९५०) मांडले. भूत हाही असाच एक मुखवटा आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी वाचकाला भयाची गोडी लावली. गौरी देशपांडे आणि सानिया यांनी बाईचे मन उघडे केले. हे दोन प्रवाह आपल्याकडे क्वचितच एकत्र आले. हडळीने स्वतःची बाजू मांडायला मराठीत अजून पुष्कळ जागा आहे.

या कादंबऱ्यांवर आमची एक हरकत आहे. बहुधा नायिका सुटते, वाडा जळतो आणि पुस्तक मिटते. खरे वाडे इतक्या सहज जळत नाहीत, आणि एक सुटली तर तिची खोली दुसरीच्या वाट्याला येते. तरी सुरुवात येथूनच होते. एक म्हणते, या घरात काहीतरी बिघडले आहे. दुसरी म्हणते, मलाही तसेच वाटते. युनियन दुसऱ्या कशातून जन्मत नाही. म्हणून मुलीच्या उशाशी असे पुस्तक दिसले, तर ते काढून घेऊ नका. तिचे वाचून होऊ द्या, आणि मग आपण मागून घ्या.