खोलीचे माप आणि लादीचे माप

चतुर्थीच्या आधी घराची डागडुजी काढावी, ही आमच्या गोव्याकडील जुनी चाल. पूर्वी ती भिंतींना चुना आणि जमिनीला शेणाचा सारवा एवढ्यावर आटोपत असे. अलीकडे मात्र जुनी जमीन उखडून नवी लादी घालण्याचा प्रघात पडला आहे. भिंतीचा रंग मनास आला नाही तर तो चार वर्षांनी पालटता येतो; लादी एकदा बसली की वीस-पंचवीस वर्षे पायांखाली राहावयाची, आणि तिच्यात कुटुंबाची बरीच शिल्लकही गुंतावयाची. असे असून लादीचा रंग पसंत करण्यास घरातील सारी मंडळी दुकानात जातात, आणि तिचे माप मात्र दुकानदार सांगेल ते पत्करतात. आमच्या मते माप आधी ठरवावे, आणि तेही दुकानात नव्हे, तर फीत हाती घेऊन खोलीत ठरवावे.

आमच्या जुन्या घरांतून जी रंगीत नक्षीची सिमेंटची लादी आढळते ती बहुधा आठ इंच चौरस असे. आज बाजारात ३०० मिलिमीटर चौरस, ६०० मिलिमीटर चौरस आणि ६०० बाय १२०० मिलिमीटर ही मापे सर्रास मिळतात. त्यांहून मोठीही मिळतात. यांतील पुष्कळसा माल गुजरातेतील मोरबीहून येतो. येथे एक गोष्ट ध्यानी धरावयास हवी. ज्या लादीला सगळे ‘दोन बाय दोन’ म्हणतात ती दोन फुटांची नसतेच. ती ६०० मिलिमीटरची असते, आणि दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. साडेनऊ मिलिमीटरांचा हा फरक एका लादीत दिसत नाही. खोलीभर तो साचत जातो.

दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी खोली घेऊ. कागदावर दोन फुटी लादी रुंदीत पाच आणि लांबीत सहा, अशा तीस नेमक्या बसतात. प्रत्यक्षात खोलीची रुंदी ३०४८ मिलिमीटर आहे आणि पाच लाद्यांची ३०००. म्हणजे एका भिंतीलगत ४८ मिलिमीटरांची चिंधी उरते. लांबीतही तशीच ५८ मिलिमीटरांची उरते. सांधे आणि भिंतीच्या पायाशी बसणारी स्कर्टिंगची पट्टी यांत तिचा थोडा भाग लपतो, सगळा लपत नाही. कुशल गवंडी अशी चिंधी राहू देत नाही. तो खोलीच्या मध्यावर सुतळी धरतो, रुंदीत चार अख्ख्या लाद्या लावतो आणि दोन्ही कडांना सुमारे ३२४ मिलिमीटरांचे सारखे तुकडे बसवितो. लांबीत पाच अख्ख्या आणि दोन तुकडे. दिसावयास हे फार चांगले. परंतु तुकडा अर्ध्याहून मोठा असल्याने एका लादीतून असे दोन तुकडे निघत नाहीत. सहा साते बेचाळीस, म्हणजे तीसच्या ठिकाणी ४२ लाद्या विकत घ्याव्या लागतात. हीच रीत ३०० मिलिमीटरच्या लादीस लावली तर १२० च्या ठिकाणी १४३ लागतील. संख्या मोठी दिसते, पण क्षेत्रफळ काढून पाहावे. खोली ११.१५ चौरस मीटरांची. मोठी लादी १५.१२ चौरस मीटर घ्यावी लागते, लहान १२.८७. पहिल्या हिशेबात जवळजवळ चार चौरस मीटर पैसे उकिरड्यावर जातात, दुसऱ्यात पावणेदोन. चिंधी कपाटाखालच्या भिंतीकडे ढकलण्याची तोडही काही गवंडी सुचवितात. ती वाईट नव्हे. मात्र कपाट कोठे ठेवावयाचे ते आधी ठरलेले असावे.

जुन्या कारागिरांनी या अडचणीवर केलेली युक्ती आम्हांस फार आवडते. नक्षीच्या लाद्या खोलीच्या मध्यभागी, त्यांभोवती साडीच्या काठासारखी पट्टी, आणि पट्टीपासून भिंतीपर्यंत साध्या एकरंगी लाद्या. कापावयाचे ते या साध्या लाद्यांतच कापावे, म्हणजे नक्षी कोठेही तुटत नाही आणि भिंत थोडी वाकडी असली तरी नजरेत भरत नाही.

जुन्या चिऱ्याच्या भिंती वाकड्या असतातच. कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहण्यास पायथागोरसाचा सिद्धांत पुरेसा आहे. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर व दुसरीवर चार फुटांवर खूण करावी. दोन खुणांमधील अंतर बरोबर पाच फूट भरले पाहिजे. मोठ्या खोलीत सहा, आठ आणि दहा घ्यावे. हे अंतर चुकले तर भिंतीलगतची लादी पाचरीसारखी तिरकी कापावी लागणार, आणि लादी जितकी मोठी तितकी ती पाचर अधिक उघडी पडणार.

न्हाणीघराची गोष्ट निराळी. तेथे पाणी मोरीकडे वाहावे म्हणून जमिनीस चार फुटांमागे निदान अर्धा इंच उतार द्यावा लागतो, तोही बहुधा चारी बाजूंनी. मोठी लादी वाकत नाही. ती उतारावर बसविण्यास तिरकी कापावी लागते, नाहीतर पाणी तिच्यावर तुंबते. लहान लाद्या उतार आपसूक घेतात, शिवाय सांधे अधिक असल्याने ओल्या पायास आधार मिळतो. पावसाळ्यात भिजून आलेली माणसे ज्या बाल्कांवात प्रथम पाय ठेवतात, तेथेही आम्ही हेच सांगू. घरात आजी-आजोबा असतील तर गुळगुळीत, चकचकीत लादी या दोन ठिकाणी मुळीच नको, मग तिचे माप कोणतेही असो. म्हातारपणी मोडलेले हाड सांधण्यास महिनेच्या महिने जातात.

लहान खोलीस लहानच लादी शोभते, असाही एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. डोळ्यांस खुपतात त्या सांध्यांच्या रेघा. सांधे लादीच्याच रंगाने भरले तर लहान लादीची खोलीही मोकळी दिसते. मोठ्या लादीत रेघा कमी, झाडणे-पुसणे सोपे, हे आम्ही नाकारीत नाही. सपाट, काटकोनी, नव्या बांधणीच्या दिवाणखान्यात ती खुशाल घालावी. मात्र तिच्याखाली कोठे पोकळी राहिली तर जड वस्तू पडताच ती तडकते. बसविल्यावर लाकडाच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकावा. आणि लांबट लाद्या विटांप्रमाणे अर्ध्यावर सांधा घेऊन लावू नयेत, तिसऱ्या भागावर घ्यावा. लांब लादी भाजताना मध्ये किंचित उचलली जाते. अर्ध्यावर सांधा आला तर एकीचा उंच भाग दुसरीच्या खाली गेलेल्या टोकाशी येऊन पायाला ठेच लागते.

दुकानात जाण्यापूर्वी भूमितीच्या वहीतील चौकटीच्या कागदावर प्रत्येक खोलीचा नकाशा काढावा आणि दोन-तीन मापांच्या लाद्या त्यावर मांडून पाहाव्या. हे काम आठवीचा विद्यार्थी संध्याकाळभरात करू शकतो. माल घेताना सर्व खोक्यांवरील बॅच क्रमांक एकच आहे ना हे पाहावे, कारण दोन बॅचांच्या लाद्यांत रंगाचा आणि कधी कधी मिलिमीटरभर मापाचाही फरक निघतो. काम झाल्यावर उरलेल्या चार-पाच लाद्या गवंड्याला परत न देता माळ्यावर ठेवाव्या.