जवळच्या साठ्याचा हिशेब

कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, म्हणजेच सीडीएन, ही इंटरनेटवरची गोदामांची साखळी असते. मूळ सर्व्हरवरच्या चित्रांच्या आणि व्हिडिओंच्या प्रती ती वापरणाऱ्याच्या शहराजवळ साठवते. त्याने वेग वाढतो, शिवाय वाहतुकीचा खर्चही वाचतो. एकच चित्रपट दहा हजार प्रेक्षकांसाठी दहा हजार वेळा समुद्राखालच्या केबलमधून आणण्यापेक्षा एकदाच आणून ठेवणे कितीतरी स्वस्त पडते. टॉम लेटन आणि डॅनी लेविन यांनी १९९८ मध्ये काढलेल्या अकामाय कंपनीचा धंदा याच फरकावर उभा राहिला.

यातली खरी मेख बँडविड्थच्या बिलात आहे. घाऊक व्यवहारात दर पाच मिनिटांनी वेग मोजण्याची पद्धत रूढ आहे. महिन्याच्या ८,६४० नोंदींपैकी वरच्या ५ टक्के सोडून देतात आणि उरलेल्यांतल्या सर्वांत मोठ्या नोंदीवर आकारणी करतात. म्हणजे महिन्यातले ३६ तास कितीही भार आला तरी माफ. पण रोज रात्री दोन तास गर्दी झाली, तर त्या गर्दीचाच भाव साऱ्या महिन्याला लागतो. पहाटे रिकाम्या पडलेल्या वाहिनीतून गर्दीच्या वेगाच्या आत राहून कितीही डेटा नेला, तरी बिल वाढत नाही.

नेटफ्लिक्सने हेच हेरले. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या ‘ओपन कनेक्ट’ योजनेत ही कंपनी आपले सर्व्हर इंटरनेट सेवा कंपन्यांना विनामूल्य देते. जागा आणि वीज त्यांनी पुरवायची. कुठे काय पाहिले जाईल याचा अंदाज बांधून हे सर्व्हर कमी गर्दीच्या वेळी भरून ठेवतात. थोडेच चित्रपट पुष्कळ लोक पाहतात, म्हणून मर्यादित साठ्यावर बहुतेक मागणी भागते. क्वचित पाहिला जाणारा चित्रपट लांबच्या मोठ्या साठ्यातून येतो, कारण त्याच्यासाठी गावोगावी डिस्क अडवणे परवडत नाही.

थेट प्रक्षेपण आधी भरून ठेवता येत नाही. १९ नोव्हेंबर २०२३ च्या क्रिकेट विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. एवढी क्षमता काही तासांसाठी उभारावी लागते.

ग्राहकापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचे पैसे कोणी द्यायचे, यावर मात्र भांडण आहे. लहान सेवा कंपनीला फुकटचा सर्व्हर हवाच असतो. तिचे बिल कमी होते. कोट्यवधी ग्राहक हाती असलेली कंपनी उलट शुल्क मागते, कारण त्या ग्राहकांकडे जायला दुसरी वाट नसते. ग्राहकाने जोडणीचे पैसे भरलेले असताना त्याच वाहिनीची दुसऱ्या बाजूकडून पुन्हा वसुली करणे न्याय्य म्हणता येत नाही. तरीही २०१४ मध्ये नेटफ्लिक्सला अमेरिकेतील कॉमकास्ट या इंटरनेट सेवा कंपनीला थेट जोडणीचे पैसे देणे मान्य करावे लागले. दक्षिण कोरियातले नेटवर्क शुल्क बहुतेक देशांच्या दहापट असल्याचे सांगत थेट प्रक्षेपणाच्या ट्विच या संकेतस्थळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथली सेवा बंद केली.