परळचा विद्यार्थी आणि लंडनचा पापड

आज परळ-लालबागच्या चाळींतूनही आपली मुले शिक्षणाला, नोकरीला परदेशी जातात. कधी रस्त्यावरच्या गाडीवर, कधी मोठ्या हॉटेलात काय खाल्ले, त्याचे फोटो घरी पाठवतात. आम्हीही ते कौतुकाने पाहतो. पण त्याच वेळी परळच्याच बी.आय.टी. चाळीतील एका विद्यार्थ्याचे ताट आम्हांला आठवते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. तिथे सर्वांबरोबर एका टेबलावर जेवण. परदेशातील त्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर पारशी धर्मशाळेतून अकराव्या दिवशीच त्यांना हाकलण्यात आले!

१९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. पैसा बेताचाच. सकाळी पावाचा तुकडा, थोडी मासळी आणि चहा. मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन. रात्री भूक अनावर झाली, की मित्राने दिलेले पापड भाजून खायचे. इकडे परळला माता रमाई काटकसरीने संसार ओढत होत्या.

लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड येथील त्यांचे निवासस्थान महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. तिथे त्यांचे स्मारक झाले आहे. मुले तिकडे गेली, तर ते जरूर पाहायला सांगा. आणि फोनवर "काय खाल्लेस?" एवढेच विचारू नका, "कोणाकोणाच्या शेजारी बसून खाल्लेस?" हेही विचारा.